जीन रेग्युलेशन पहिल्यांदाच शिकताय? द्राक्षाचा रंग आणि रक्तातलं हिमोग्लोबिन धरून एकेक पायरी

जीन रेग्युलेशन म्हणजे कुठला जीन कुठल्या पेशीत किती चालू ठेवायचा याचं नियंत्रण. हे मुख्यतः बीएस्सीला नुकत्याच आलेल्यांसाठी लिहितोय, बॉटनी असो मायक्रो असो बायोटेक असो, आणि ज्यांना बारावीनंतर हा विषय परत एकदा शांतपणे समजून घ्यायचाय त्यांच्यासाठी पण. नाशिकच्या कॉलेज रोडला कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात या टॉपिकच्या नोट्स मिळतात, त्यात लेव्हल्सची यादी असते, क्रोमॅटिन (गुंडाळलेला डीएनए) लेव्हल, ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनणं) लेव्हल, ट्रान्सलेशन (आरएनएवरून प्रोटीन बनणं) लेव्हल, आणि मुलं ती यादी पाठ करून पेपर लिहून मोकळी होतात. मार्क पडतात पण हाताला काही लागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की यादी सोडा, एक-दोन जीन पकडा आणि त्यांच्या मागे मागे डीएनएपासून प्रोटीनपर्यंत चालत जा, आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: इथे कोण अडवतंय आणि कोण सोडतंय?

आपण दोन जीन घेऊया. एक द्राक्षाच्या सालीच्या रंगाचा, कारण निफाड, दिंडोरी, पिंपळगाव पट्ट्यात कुणीतरी बागायतदार नातेवाईक नाही असा नाशिककर शोधावा लागेल. दुसरा रक्तातल्या बीटा ग्लोबिनचा, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या एका प्रोटीनचा, कारण सुरगाणा, पेठ, कळवणकडून शिकायला आलेल्या मुलांना सिकलसेल (हिमोग्लोबिनचा एक आनुवंशिक आजार) हा शब्द नवीन नसतो, आणि त्या आजाराच्या उपचाराची अलीकडची सगळ्यात मोठी झेप जीन रेग्युलेशन समजल्यामुळेच घेता आली.

सुरू करायच्या आधी: लॅक ओपेरॉन थोडा बाजूला ठेवा

जेकब आणि मोनो यांचा १९६१ चा लॅक ओपेरॉन, म्हणजे लॅक्टोज पचवणारे जीन चालू-बंद कसे होतात याचं मॉडेल, तुम्ही मन लावून केलेला असणार, तो उत्तमच आहे, पण तो ई. कोलायचा आहे. बॅक्टेरियात केंद्रक नसतं, त्यामुळे आरएनए तयार होत असतानाच त्याच्या एका टोकाला रायबोसोम बसून प्रोटीन बनवायला लागतात, मध्ये थांबायला जागाच नाही. आपल्या पेशीत, द्राक्षाच्या पेशीत, यीस्टमध्ये सुद्धा आरएनए केंद्रकात बनतो आणि प्रोटीन बाहेर सायटोप्लाझममध्ये, म्हणजे दोन्ही कामांची जागा वेगळी, वेळ वेगळी, आणि मधल्या या अंतरात पेशीला हस्तक्षेप करायला भरपूर संधी मिळते.

दुसरा फरक याहून मोठा आहे. बॅक्टेरियाचा डीएनए बराचसा उघडा असतो, बंद करायचा तर रिप्रेसर (जीन दाबून ठेवणारं प्रोटीन) आणून बसवावा लागतो. युकॅरिओटमध्ये, म्हणजे केंद्रक असलेल्या पेशींच्या जीवांत, डीएनए मुळातच गुंडाळून ठेवलेला असतो आणि जीन चालू करायला मेहनत लागते. म्हणून आपल्याकडे अडवणारे जितके महत्त्वाचे तितकेच, किंबहुना जास्तच, सोडणारे महत्त्वाचे.

अजून एक गोष्ट आत्ताच डोक्यात बसवा. जीन चालू किंवा बंद असं आपण बोलण्यात म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात ते बल्बच्या बटणापेक्षा पंख्याच्या रेग्युलेटरसारखं चालतं, एकवर, तीनवर, पाचवर, आणि कुठल्या पेशीत किती नंबरवर ठेवायचं हाच सगळा खेळ आहे. माणसाच्या यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए तोच, प्रोटीन बनवणारे साधारण २०,००० जीन पण तेच. (अपवाद आहेत, उदाहरणार्थ लाल रक्तपेशीत शेवटी केंद्रकच उरत नाही, आणि रोगप्रतिकारक बी व टी पेशी आपल्या काही जीनमध्ये काटछाट करून घेतात.) हे नुसतं मानायचं नाही, सिद्ध झालंय. गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक अंड्यात घालून त्यातून टॅडपोल वाढवले, आणि २००६ मध्ये यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशीत फक्त चार ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (डीएनएवर बसून जीन चालू-बंद करणारी प्रोटीन) घालून तिला परत स्टेम सेलसारखं केलं. २०१२ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

पायरी १: वहीत एक आडवी रेघ काढा

खरंच काढा, हाताने. डावीकडे गुंडाळलेला डीएनए, मग उघडा डीएनए, मग कच्चा आरएनए, मग तयार एमआरएनए, मग केंद्रकाबाहेरचा एमआरएनए, मग प्रोटीन, आणि शेवटी प्रोटीन मोडीत निघणं. प्रत्येक दोघांमध्ये बाण, आणि बाणाखाली दोन रकाने, अडवणारे आणि सोडणारे. पुढे जे जे वाचाल ते यातल्या कुठल्यातरी रकान्यात बसतं. नाही बसलं तर तिथे थांबा आणि शिक्षकांना विचारा, पुढे ढकलू नका.

पायरी २: डीएनए उघडणं

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात मावतो. तो हिस्टोन नावाच्या प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो, आठ हिस्टोनच्या एका गठ्ठ्याभोवती साधारण १४७ बेसपेअर, याला न्यूक्लिओसोम म्हणायचं. ही रचना रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडली. गुंडाळलेल्या भागावर बहुतेक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नीट बसू शकत नाहीत, म्हणून पहिली अडवणूक इथेच होते.

सोडवतं कोण? हिस्टोनला शेपट्या असतात, त्यात लायसिन असतं, लायसिनवर पॉझिटिव्ह चार्ज आणि डीएनए निगेटिव्ह, त्यामुळे पकड घट्ट. एचएटी नावाची एन्झाइम लायसिनवर अॅसिटाइल ग्रुप लावतात, चार्ज जातो, पकड सैल होते, शिवाय तो अॅसिटाइल ओळखून पुढची प्रोटीन तिथे येऊन बसतात. एचडॅक एन्झाइम तो ग्रुप काढून टाकतात, की परत घट्ट.

इथे नव्या मुलांचा हमखास गोंधळ होतो तो मेथिलेशनचा. मेथिलेशन दोन वेगळ्या ठिकाणी होतं, ते वेगळंच ठेवा. डीएनएवरचं मेथिलेशन, म्हणजे सीजी जोडीतल्या सी वर, प्रमोटरवर (जीनच्या सुरुवातीचा भाग, पुढच्या पायरीत येईल) दाट झालं तर जीन सहसा बंद राहतो. हिस्टोनवरचं मेथिलेशन मात्र कुठल्या लायसिनवर झालं त्यावर अवलंबून असतं: एच३ च्या चौथ्या लायसिनवर तीन मेथिल दिसले तर तो चालू प्रमोटर, सत्ताविसाव्यावर तीन दिसले तर दाबून ठेवलेला जीन, नवव्यावर तीन तर एकदम घट्ट बंद हेटेरोक्रोमॅटिन. त्यामुळे 'मेथिलेशन म्हणजे बंद' असं एका ओळीत लिहू नका.

या पायरीचं टोकाचं उदाहरण म्हणजे स्त्रियांच्या पेशीतला एक अख्खा एक्स क्रोमोसोम बंद होतो ते. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये हे मांडलं. झिस्ट नावाचा आरएनए ज्या एक्सवरून बनतो त्यालाच लपेटून घेतो आणि तो क्रोमोसोम जवळपास सगळा मिटतो.

पायरी ३: प्रमोटर, आणि पांढरी द्राक्षं पांढरी का

डीएनए उघडला म्हणून जीन चालू झाला असं होत नाही. जीनच्या सुरुवातीला प्रमोटर असतो, तिथे जनरल ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर जमतात आणि आरएनए पॉलिमरेज टू ला, म्हणजे आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमला, बसवतात. पण एवढ्यावर जीन जेमतेम कुरकुरत चालतो, खरा जोर येतो तो त्या जीनसाठीच्या खास अॅक्टिव्हेटर प्रोटीनमुळे.

आता द्राक्ष घ्या. काळ्या द्राक्षाचा रंग अँथोसायनिनचा. तो बनवायला शेवटी एक एन्झाइम लागतं, त्याचं नाव यूएफजीटी. त्या एन्झाइमचा जीन चालू करतो मायब घराण्यातला एक अॅक्टिव्हेटर, व्हीव्ही-मायब-ए-वन. शरद सीडलेससारख्या काळ्या वाणात मण्यात पाणी उतरायला लागलं की अॅब्सिसिक अॅसिड हे वनस्पतीचं हार्मोन वाढतं, हा मायब तयार व्हायला लागतो, तो यूएफजीटीला चालू करतो आणि साल रंग धरते. आणि थॉमसनसारख्या हिरव्या वाणात? मला हा भाग फार आवडतो. यूएफजीटीचा जीन जागेवर शाबूत, मायब-ए-वनचा प्रोटीन सांगणारा भाग पण शाबूत, मग अडलं कुठे? २००४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की मायब-ए-वनच्या प्रमोटरमध्ये ग्रेट-वन नावाचा, साधारण १०,००० अक्षरांचा एक उडता जीन, म्हणजे रेट्रोट्रान्सपोझॉन, येऊन बसलाय. प्रमोटर निकामी, म्हणून मायब बनत नाही, म्हणून यूएफजीटी चालू होत नाही, म्हणून रंग नाही. शेजारचा मायब-ए-टू पण पांढऱ्या द्राक्षात म्युटेशनने बिघडलेला असतो, तेव्हा त्याचाही आधार नाही.

याची उलट साक्ष पण मिळालीय. इटालिया नावाच्या पांढऱ्या वाणाच्या एका फांदीवर अचानक लाल द्राक्षं आली, त्यातून रुबी ओकुयामा हा वाण निघाला. तपासलं तर त्यात ग्रेट-वनचा बहुतेक सगळा भाग गळून गेला होता, फक्त एक छोटा तुकडा मागे राहिला होता, आणि जीन परत चालू झाला होता.

आणि बागायतदारांना जे माहीत असतं की रात्री उकाडा राहिला तर काळ्या मालाला रंग कमी भरतो, ते पण याच पायरीवर येतं, तापमान जास्त राहिलं की सालीत मायबचं एक्सप्रेशन घटतं. वहीत लिहा: सोडणारे, अॅब्सिसिक अॅसिड आणि मायब, अडवणारे, प्रमोटरमधला ग्रेट-वन आणि उष्णता.

पायरी ४: एन्हान्सर, इथे वेळ काढून बसा

ही पायरी घाईत करू नका, युकॅरिओटचं वेगळेपण इथेच सगळ्यात जास्त दिसतं. एन्हान्सर म्हणजे डीएनएचाच एक तुकडा, त्यावर अॅक्टिव्हेटर बसतात, पण तो जीनच्या शेजारी असायची गरज नाही, हजारो अक्षरं दूर असू शकतो, पुढे, मागे, अगदी दुसऱ्याच जीनच्या इंट्रॉनमध्ये (जीनमधला आरएनएतून कापून टाकला जाणारा तुकडा) सुद्धा. बोटांची रचना ठरवणारा सॉनिक हेजहॉग नावाच्या जीनचा एक एन्हान्सर माणसात जीनपासून जवळजवळ १० लाख अक्षरं दूर आहे. डीएनए वळून लूप होतो, मेडिएटर नावाचं मोठं प्रोटीन संकुल मध्ये येतं, आणि एन्हान्सरचं म्हणणं प्रमोटरपर्यंत पोचतं. कोहेसिन आणि सीटीसीएफ ही प्रोटीन लूपच्या हद्दी ठरवतात, म्हणजे एका भागातला एन्हान्सर शक्यतो शेजारच्या भागातल्या जीनला छेडत नाही.

आता रक्त. बीटा ग्लोबिनच्या घराण्यातले जीन अकराव्या क्रोमोसोमवर एका रांगेत आहेत: आधी एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, मग बीटा. गंमत म्हणजे वापर पण जवळपास याच क्रमाने होतो, सुरुवातीच्या गर्भात एप्सिलॉन, नंतर पोटात असेपर्यंत मुख्यतः गॅमा, जन्मानंतर बीटा. या सगळ्यांच्या वर एक ताकदवान एन्हान्सरांचा समूह आहे, लोकस कंट्रोल रीजन, तो त्या त्या वयात वेगवेगळ्या जीनशी लूप करतो.

सिकलसेलमध्ये बीटाच्या जीनमध्ये एक अक्षर बदललेलं असतं. पण आजार असलेल्या बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही, कारण तोवर गॅमाचं हिमोग्लोबिन पुरेसं असतं. मग साहजिक प्रश्न येतो की गॅमा बंद कोण करतं, आणि त्याला हटवलं तर? २००८ मध्ये ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेतून उत्तर आलं: बीसीएल११ए नावाचा रिप्रेसर. पण हा रिप्रेसर मेंदूत आणि बी पेशींच्या वाढीतही लागतो, सरसकट काढून टाकला तर घात. मग कळलं की बीसीएल११ए च्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये एक एन्हान्सर आहे जो फक्त लाल रक्तपेशींच्या वंशात काम करतो. तेवढाच मोडला तर रक्तात बीसीएल११ए कमी होतो, बाकी शरीरात त्याचं काम चालू राहतं. पेशंटच्या स्टेम पेशी बाहेर काढून क्रिस्परने, म्हणजे डीएनए ठरलेल्या जागी कापणाऱ्या तंत्राने, नेमका तो एन्हान्सर कापायचा आणि पेशी परत द्यायच्या, ही कॅसजेव्ही नावाची थेरपी, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत मंजूर झाली. बिघडलेलं अक्षर तसंच राहतं, त्याला कुणी हात लावत नाही, फक्त गॅमावरची अडवणूक काढली जाते. सध्या पेशंटना दिलं जाणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध पण मुख्यतः गॅमाचं हिमोग्लोबिन वाढवूनच फायदा देतं. ही थेरपी आज भयंकर महाग आहे आणि सुरगाण्याच्या पाड्यावर ती कधी पोचणार हा खरा प्रश्न आहे, पण निदान दार कुठे आहे ते तरी सापडलं.

पायरी ५: कच्च्या आरएनएची छाटणी

इंट्रॉन कापून एक्सॉन जोडणं म्हणजे स्प्लायसिंग, १९७७ मध्ये शार्प आणि रॉबर्ट्स यांच्या गटांनी दाखवलं की जीन असा तुकड्यातुकड्यात असतो. राहतात ते एक्सॉन, जातात ते इंट्रॉन, परीक्षेत घाईघाईत उलटं लिहिलं जातं. यात रेग्युलेशन असं की त्याच कच्च्या आरएनएमधून वेगवेगळे एक्सॉन ठेवून वेगवेगळी प्रोटीन काढता येतात: एकाच जीनमधून थायरॉइडमध्ये कॅल्सिटोनिन बनतं आणि चेतापेशीत सीजीआरपी नावाचं वेगळंच पेप्टाइड.

आपल्या बीटा ग्लोबिनमध्ये तीन एक्सॉन, दोन इंट्रॉन. भारतात बीटा थॅलेसेमियाचं (बीटा ग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) सगळ्यात जास्त आढळणारं म्युटेशन पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरावर आहे, जी च्या जागी सी. ते प्रोटीनच्या भागात नाहीच, तरी आजार होतो, कारण कापायची जागा नीट ओळखू येत नाही, बराचसा आरएनए चुकीचा कापला जातो. आरएनएच्या डोक्याला कॅप, शेवटी पॉली-ए शेपूट, मग केंद्रकाच्या भोकातून बाहेर, इतकं लक्षात राहिलं तरी या पायरीला पुरे.

पायरी ६: बाहेर आलेला एमआरएनए किती जगतो आणि वाचला जातो का

काही एमआरएनए मिनिटांत संपतात, ग्लोबिनचे मात्र खूप टिकतात, आणि टिकायलाच हवेत, कारण तयार होत आलेल्या लाल पेशीतून केंद्रक निघून गेलेलं असतं, नवीन आरएनए बनणार कुठून. अडवणाऱ्यांत इथे मायक्रोआरएनए येतात, साधारण २२ अक्षरांचे, एमआरएनएच्या शेपटाकडच्या भागाला चिकटून त्याला गप्प करतात किंवा मोडायला लावतात. पहिला सापडला तो १९९३ मध्ये एका छोट्या सूत्रकृमीत, अँब्रोस आणि रव्हकन यांना त्याबद्दल २०२४ चं नोबेल मिळालं.

आणि एक सुंदर गोष्ट: लोह कमी पडून हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) कमी झालं तर एचआरआय नावाचं एन्झाइम जागं होतं, ते ट्रान्सलेशन सुरू करणाऱ्या ईआयएफ-टू वर फॉस्फेट लावतं आणि ग्लोबिन बनणं मंदावतं. हीमच नाही तर रिकामं ग्लोबिन साठवून पेशीला त्रासच. यातून हे पण कळतं की एमआरएनए भरपूर आहे म्हणजे प्रोटीन भरपूर असणारच, असं धरून चालता येत नाही.

पायरी ७: प्रोटीन तयार झालं, तरी संपलेलं नाही

परत द्राक्षाच्या बागेत चला. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर थॉमसनच्या घडांना जीए मारतात, डिपिंग करतात, मणी लांब आणि मोठा व्हावा म्हणून. जीए म्हणजे जिबरेलिक अॅसिड, पण ते पेशीत जाऊन नक्की करतं काय? पेशीत डेला नावाची प्रोटीन असतात, ती वाढीचे जीन चालू करणाऱ्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरना धरून ठेवतात. जीए त्याच्या रिसेप्टरला, जीआयडी-वनला, जाऊन बसतं, ती जोडी डेलाला पकडते, मग डेलावर युबिक्विटिनची खूण लागते आणि प्रोटिअझोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन मोडायचं यंत्र, तिचा चुरा करतो. अडवणारा गेला, फॅक्टर मोकळे, वाढीचे जीन चालू. म्हणजे फवारणीने नवीन काही बसवलं जात नाही, एक अडवणूक काढली जाते, आणि ती पण प्रोटीन मोडून. हरितक्रांतीतला बुटका गहू याच्याच उलट्या बाजूला आहे: त्याच्या डेलात असा बदल आहे की जीए असूनही ती मोडत नाही, म्हणून ताट आखूड राहतं आणि लोंबीच्या भाराने लोळत नाही.

पायरी ८: आता स्वतः डोळ्यांनी बघा

दोन साईट फुकट आहेत आणि लॅपटॉप नसेल तर मोबाईल आडवा धरून पण चालतं. पहिली जीटेक्स पोर्टल. तिथे बीटा ग्लोबिनचं चिन्ह टाका, एच-बी-बी, आणि कुठल्या टिश्यूत किती आरएनए आहे त्याचा आलेख बघा, रक्ताचा खांब बाकी सगळ्यांना खाऊन टाकतो. मग अल्ब्युमिन टाका, यकृत वर येईल. मग अॅक्टिनचा ए-सी-टी-बी टाका, तो सगळीकडे दिसेल.

दुसरी यूसीएससी जीनोम ब्राउझर. परत एच-बी-बी शोधा आणि झूम आउट करत जा. हा जीन उलट्या स्ट्रँडवर आहे, त्यामुळे सुरुवात उजवीकडे, हे आधी माहीत नसेल तर डोकं फिरतं. उजवीकडे सरकत गेलात की डेल्टा, दोन्ही गॅमा, एप्सिलॉन, आणि त्याच्याही पलीकडे लोकस कंट्रोल रीजन. तिथे एच३ च्या सत्ताविसाव्या लायसिनच्या अॅसिटिलेशनचा ट्रॅक चालू करा, ही खूण चालू एन्हान्सरवर असते, आणि के५६२ या रक्तवंशाच्या पेशींचे डोंगर कुठे उभे राहतात ते बघा.

हे जमलं की तिसरा जीन एकट्याने करा, लॅक्टेजचा, एल-सी-टी. लहानपणी दूध पचवणारा हा जीन जगातल्या बऱ्याच लोकांत मोठेपणी मंदावतो, पण उत्तर भारतात आणि युरोपात अनेकांत चालूच राहतो, आणि त्यामागचं एक अक्षर, सी च्या जागी टी, जीनच्या १३,९१० अक्षरं आधी, एमसीएम६ नावाच्या शेजारच्या जीनच्या इंट्रॉनमध्ये आहे. वहीतली रेघ समोर घ्या आणि हे अक्षर कुठल्या बाणाखाली, कुठल्या रकान्यात जातं ते कारणासकट लिहा.